उभी तापते की पळती?

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आईला डोळ्यांच्या तपासणीला नेलं होतं. परत येताना संध्याकाळचे साडेपाच-पावणेसहा झाले असतील, आणि कर्वे रोडवर नळ स्टॉपच्या अलीकडे आम्ही अडकलो. तिथे सगळ्यात वरून मेट्रो जाते, तिच्याखालून उड्डाणपूल जातो आणि त्या दोघांच्या खाली आमच्यासारखी माणसं नुसती उभी असतात. आईच्या डोळ्यात औषध घातलेलं, त्यामुळे ती रुमाल धरून डोळे मिटून बसली होती. तरी आधी तिलाच कळलं. म्हणाली, "अगं, काहीतरी गोडसर जळल्यासारखा वास येतोय." मी काट्याकडे पाहिलं. तो वरच्या लाल रेघेला टेकला होता.

कशीबशी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. बोनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मागचे हॉर्न, आईचे मिटलेले डोळे, आणि माझ्या हातात पाण्याची एक अर्धी बाटली. नेमकी नळ स्टॉपला गाडीला तहान लागावी, यावर बाबांनी एखादी कोटी नक्की केली असती. मला काही सुचली नाही. आईला रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि मी गाडीपाशी थांबले.

गाडी म्हणजे आमची मारुती ८००. १९९७ सालची, पांढरी, स्टँडर्ड मॉडेल, एसी नाही. नात्यातल्या बहुतेकांनी ती पाहिली आहे आणि निम्म्यांनी तिला एकदा तरी ढकललं आहे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तरी आम्ही ती ठेवली आहे. रविवारी सकाळी एक फेरी, कधी आईला कुठे न्यायचं असेल तर तेवढंच.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये दाखवली. त्या गृहस्थांनी बोनेट उघडलं, दोन मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला : "मॅडम, हेड गॅस्केट गेलंय. इंजिन उघडावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकला आणि गाडीची किंमत तेवढी तरी येईल का, असा प्रश्न पडला. रात्री दादाचा न्यू जर्सीहून फोन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं, विकून टाक. तसं पाहिलं तर त्याचं काही चुकत नव्हतं. जुन्या गाडीची पुन्हा नोंदणी करण्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाली. वर पर्यावरण कर वेगळा. आता २०२७ मध्ये पुन्हा तोच सोपस्कार. सरकारचंही दादासारखंच म्हणणं आहे, फक्त ते फोन करत नाही. :-)

आई काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, "देणार असशील तर त्यातून बाबांची वही तेवढी काढून घे."

ही वही म्हणजे पुठ्ठ्याच्या बांधणीचं एक जाडजूड रजिस्टर. १९८४ साली बाबांनी सेकंडहँड फियाट घेतली तेव्हापासून सुरू केलेलं. किती लिटर पेट्रोल टाकलं, किती किलोमीटर झाले, ऑइल कधी बदललं, सगळं त्यात. पहिल्या पानावर मात्र हिशेब नाही. तिथे ठळक अक्षरात एकच ओळ आहे : "गाडी तापली तर आधी विचार. उभी तापते की पळती?"

मी इतिहास शिकले, इंजिन नाही. पण जुनं कागदपत्र हातात आलं की ते वाचायचं, एवढी सवय आहे. त्या रात्री वही घेऊन बसले आणि 'तापली' हा शब्द जिथे जिथे येतो तिथे खूण करत गेले.

पहिली खूण १२ मे १९८६ ची. "खोपोली–खंडाळा. शिंगरोबाला थांबलो. २५ मिनिटे. पाणी ३ लि." मग त्याच वर्षी दिवाळीत पुन्हा. मग ८७ च्या मे महिन्यात. दरवेळी घाट. आमची आजी दादरला राहायची, त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा बोरघाट ठरलेलाच. तुमच्यापैकी ज्यांनी ऐंशीच्या दशकात फियाटमधून तो घाट चढला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. डिकीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन. घाट लागला की गप्पा बंद आणि सगळ्यांचे डोळे काट्यावर. शिंगरोबाच्या देवळाशी गाडी थांबायची. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा धनगर म्हणजे हा शिंगरोबा, अशी कथा आहे. ट्रकवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. आम्ही नाणंही टाकायचो आणि बोनेटही उघडायचो. बाबा चाकाला दगड लावायचे आणि आम्हाला लांब उभं करायचे. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला कायदा. आईने तो आम्हाला स्वयंपाकघरातल्या भाषेत समजावला होता : शिट्टीत वाफ असताना कुकरचं झाकण काढतं का कुणी?

ही उपमा शास्त्राच्या दृष्टीनेही अगदी बरोबर आहे हे मला फार उशिरा कळलं. आताच्या गाड्यांचा रेडिएटर म्हणजे कुकरच. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे उघड्या पातेल्यातलं पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. (खोपोलीहून खंडाळ्याला चढताना गाडी तापत जाते आणि पाण्याचा उकळबिंदू मात्र जवळजवळ दोन अंशांनी खाली येतो. दोन्हीकडून मार!) पण बंद झाकणाखाली एका वातावरणाएवढा जास्तीचा दाब असला, तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि क्षणात सगळं पाणी उसळून अंगावर येतं.

आता जरा मागे जाते. मोटारगाडी आणि पाणी यांचं नातं मोटारगाडीइतकंच जुनं आहे. पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांशच भाग चाकांच्या कामी येतो. तेवढाच भाग धुराबरोबर जातो, आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या अंगात मुरते. ती बाहेर काढली नाही तर इंजिन स्वतःलाच भाजून घेतं. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत याचं उत्तर अगदी साधं होतं : पाणी उकळू द्यायचं, वाफ जाऊ द्यायची, नवीन पाणी ओतायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटरचा तो मोटारीचा पहिला लांबचा प्रवास. त्यात तिला इंधनासाठी एका औषधाच्या दुकानात थांबावं लागलं, ही गोष्ट सगळे सांगतात. पण पाण्यासाठी ती वाटेत कितीतरी वेळा थांबली. म्हणजे शिंगरोबाशी थांबणाऱ्या आमच्या आईची ती थोरली जाऊच म्हणायची.

हा घाटरस्ताही मोटारीपेक्षा जुना. चाकाच्या गाड्या जाव्यात असा बोरघाटाचा रस्ता १८३० साली खुला झाला, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते. त्याच सालचा एक दगडी पूल तिथे होता. पुढे वेदनाशामक बामच्या जाहिरातीमुळे लोक त्याला अमृतांजन पूलच म्हणू लागले. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा होता तेव्हा, तो पाडला. गाडीचं आणि बाबांचं अशी दोन्ही डोकी तापलेली असताना समोर अमृतांजनचा पूल यायचा, आणि आम्ही मागच्या सीटवर तोंड दाबून हसायचो.

म्हणजे हा चढ आखला गेला बैलांसाठी. बैल तापला तर तो थांबतो आणि त्याला पाणी मिळतं. मोटारीला तेच जमावं म्हणून माणसांनी खूप डोकं चालवलं. त्यातलं सगळ्यात मोलाचं डोकं विल्हेल्म मायबाखचं. १९०१ च्या मर्सिडीज गाडीत त्याने मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्या, त्यांच्यामधून हवा जाणार आणि भोवतीने पाणी. आधी अठरा लिटर पाणी लागायचं, ते नऊवर आलं. आणि त्या पोळ्याच्या मागे त्याने एक पंखा ठेवला. कारण त्याच्या लक्षात आलं होतं की गाडी पळत असते तेव्हा वारा आपोआप येतो, पण ती हळू चालते तेव्हा वारा कुणीतरी ओढून आणावा लागतो.

पुढची सगळी गोष्ट या पंख्याची आहे.

आमच्या फियाटमध्ये हा पंखा पट्ट्यावर फिरायचा. इंजिन फिरलं की पट्टा फिरणार आणि पट्टा फिरला की पंखा. त्याला कुणी विचारायचं नाही आणि त्यानेही कुणाला विचारायचं नाही. स्कूटरचंही तसंच. आकुर्डीच्या बजाजच्या स्कूटरी पुण्यात घरोघर होत्या. त्यांच्या इंजिनाला पाणी नव्हतं, पण पत्र्याच्या आवरणाखाली फ्लायव्हीलवरच पाती होती. इंजिन चालू म्हणजे वारा चालू. या पद्धतीत एक उधळपट्टी आहे. थंडीच्या पहाटे, गरज नसतानाही, पंखा फिरतच राहतो आणि इंजिनाची थोडी शक्ती खातो. पण एक सोयही आहे. पट्टा तुटला तर डायनामोही बंद पडतो, दिवा लागतो, म्हणजे बिघाड लगेच कळतो. बाबांच्या वहीत ८८ सालची एक नोंद आहे : "तापायला लागली की गिअर खाली घ्यावा." मला हे उलटंच वाटायचं. दमलेल्याला आणखी पळवायचं? पण खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फिरतं, पंखा आणि पाण्याचा पंपही जास्त फिरतो, आणि चढाचा ताणही कमी होतो. घाटातले ट्रकवाले जे करायचे, तेच बाबांनी उचललं होतं.

ही फियाट आपल्याकडे आली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांमुळे. जहाजं आणि विमानं झाल्यावर त्यांनी मोटारींकडे मोर्चा वळवला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. मॉडेलं बदलली, नावं बदलली, १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी झाली. पण १०८९ सीसीचं इंजिन आणि पट्ट्यावरचा पंखा तोच राहिला.

आता यातली खरी गंमत. तिकडे इटलीत, तूरिनमध्ये, फियाटने ११०० बनवणं १९६९ मध्येच थांबवलं. तिच्या जागी आणलेल्या फियाट १२८ मध्ये इंजिन आडवं बसवलं होतं. आडव्या इंजिनाचा पट्टा गाडीच्या बाजूला जातो, रेडिएटर तर समोर हवा. मग पंखा फिरवायचा कसा? तर विजेच्या मोटरने. आणि तो सारखा नाही, पाणी ठरावीक तापमानाच्या वर गेलं तरच. म्हणजे पंख्याला पहिल्यांदाच ठरवायची मुभा मिळाली. दोन्ही गाड्यांमागे डोकं एकाच अभियंत्याचं, डांते जाकोझाचं. त्याने स्वतःच्या ११०० ला निवृत्त केलं, आणि आपण कुर्ल्यात ती आणखी तीसेक वर्षं बनवत राहिलो. परवाने, आयातीवरची बंधनं, बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघणारं गिऱ्हाईक... नवीन पंखा आणायची कुणालाच घाई नव्हती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीतली शेवटची तर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली.

विजेच्या पंख्याची ओळख आपल्याकडच्या बहुतेक घरांना करून दिली ती मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. आमच्या घरी ती यायला १९९७ उजाडलं. पहिल्याच महिन्यात बाबा आम्हाला मुद्दाम सिग्नलला सांगायचे, "ऐका आता, सुरू होईल." आणि खरंच घूं करून आवाज यायचा. मिनिटभर चालून आपोआप थांबायचा. बाबांना त्याचं फार कौतुक. "न सांगता उठतो आणि काम झालं की बसतो. आपल्या घरात असा एकच," असं आमच्याकडे बघत म्हणायचे.

तर मी वहीतल्या खुणांबद्दल सांगत होते. १९९७ पर्यंतच्या सगळ्या खुणा घाटातल्या. खंडाळा, खंबाटकी, एकदा दिवे घाट. मग मारुती आली आणि बरीच वर्षं 'तापली' हा शब्दच नाही. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. बाबा म्हणायचे की घाट कुठे सुरू झाला आणि कुठे संपला तेच कळत नाही. आणि मग २००९ मध्ये तो शब्द परत येतो : "विद्यापीठ चौक. उभी तापली. फ्यूज." २०१३ : "लक्ष्मी रोड, गणपतीची खरेदी. उभी तापली. मोटरचे कार्बन." त्यापुढच्या दोन नोंदीही चौकातल्याच.

हे पाहिलं आणि मी जरा वेळ तशीच बसून राहिले. एका माणसाच्या पेट्रोलच्या हिशेबात शहराचा इतिहास असा पडून असतो. गाडी तापायची जागाच बदलली होती. आधी पुण्यातली गाडी तापायची पुणं सोडल्यावर, चढ चढताना. कष्टाने तापायची. आता ती पुण्यातच तापते, सपाट रस्त्यावर, काहीही न करता. सायकलींचं म्हणून जे गाव ओळखलं जायचं, तिथे आता चौक हाच घाट झाला आहे. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले, चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये पाडला, नवे बांधले, आणि तरी आपण उभेच आहोत. घाटात निदान शिंगरोबाच्या पाया पडता यायचं.

असो. रविवारी सकाळी सहाला मी बाबांचा प्रश्न घेऊन खाली गेले. आधी इंजिन थंड असताना झाकण उघडून पाणी भरलं. हेड गॅस्केट गेलं असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळून ते दुधाळ होतं. काडी काढून पाहिली, ऑइल काळंच होतं. मागून पांढरा धूर नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. मग गाडी काढली आणि पौड रोडने चांदणी चौकाकडे गेले. रस्ता मोकळा. तिथून महामार्गाला लागून बरंच अंतर सत्तरच्या वेगाने. काटा मधोमध, हलायचं नाव नाही. म्हणजे पळती तापत नव्हती. पाण्याचा पंप बिघडला असता, रेडिएटर आतून तुंबला असता किंवा थर्मोस्टॅट अडकला असता, तर ती पळतानाही तापली असती. पाणी फिरत होतं. वाराच नव्हता.

परत येऊन पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून उभी केली आणि काट्याकडे बघत बसले. सात मिनिटांनी तो मध्य ओलांडून वर सरकायला लागला. पंखा गप्प. इंजिन बंद केलं.

पंखा न फिरण्याची कारणं मोजकीच. फ्यूज, वायर, मोटर, किंवा पाण्याचं तापमान ओळखून पंख्याला उठवणारा स्विच. फ्यूज शाबूत होता. मग स्विचवरची वायरीची टोपी काढली आणि तिची दोन टोकं वायरच्या तुकड्याने एकमेकांना जोडली, म्हणजे स्विचला वगळलं. किल्ली फिरवताच... घूं! इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मी पार्किंगमध्ये एकटीच हसले. वॉचमनकाका लांबून बघत होते. (हा प्रयोग आमच्यासारख्या कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीपुरताच. नव्या गाड्यांचा कारभार संगणकाकडे असतो, तिथे असले तुकडे लावू नयेत. आणि बोटं पंख्यापासून लांब ठेवावीत, तो सांगून सुरू होत नाही.)

गाडी पूर्ण थंड झाल्यावर स्विच काढला आणि खात्री करायला वर आणला. दोरीने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडायचा, फक्त धातूचं टोक पाण्यात. वरच्या दोन पिनांना बॅटरी आणि छोटा बल्ब. नव्वदीच्या पुढे कुठेतरी बल्ब लागायला हवा. आईने चहाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला, एक जुनं काळं पडलेलं काढून दिलं. मग डोळ्यांवर चष्मा चढवून स्वतःच शेजारी उभी राहिली. पाणी उकळलं. खळखळून उकळलं. बल्ब काही लागला नाही. आई म्हणाली, "मेलाय तो."

नवीन स्विच पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाला, काहीशे रुपयांना. तोही पातेल्यात सोडून पाहिला. उकळी फुटायच्या जरा आधी बल्ब लागला. आईने टाळी वाजवली. संध्याकाळपर्यंत स्विच बसला, नवं कूलंट भरलं, आणि पार्किंगमध्ये उभ्या गाडीचा पंखा आपणहून उठला, मिनिटभर फिरला आणि बसला. इंजिन उघडावं लागलं नाही.

रात्री नोंद करायला म्हणून वहीचं कोरं पान शोधत गेले. आदल्या वेळी मी 'तापली' हा शब्द शोधत होते, त्यामुळे ज्या नोंदीत तो शब्द नव्हता ती डोळ्याखालून तशीच गेली होती. बाबांच्या हातची ती शेवटची नोंद. नोव्हेंबर २०२२. अक्षर जरा हललेलं. "पंखा ऐकू येत नाही. कान की पंखा?"

मला एकदम आठवलं. त्या हिवाळ्यात ते दोनतीनदा म्हणाले होते, सिग्नलला पंख्याचा आवाज येत नाही. आम्ही हसण्यावारी नेलं. टीव्ही मोठा लावायचे, फोनवर ओरडून बोलायचे, ऐकू कमी येतंय हे उघडच होतं. दादाने फोनवरून सांगितलं, मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, यंत्रही घेतलं. ते निमूटपणे लावत राहिले. पुढे त्यांनी गाडी चालवणं सोडलं. म्हणाले, जे ऐकू यायला हवं ते आपल्याला ऐकू येत नसेल तर चालवू नये. त्यानंतर गाडी रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावरून पळत राहिली, त्यामुळे कुणाला काही कळलंच नाही. स्विच तेव्हाच अधूनमधून दगा द्यायला लागला असेल का? आता सिद्ध करता येणार नाही. इतिहासात असं पुष्कळ असतं. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं कुठलंही दुखणं आधी प्रश्न विचारून शोधलं, त्याने इथेही प्रश्नच विचारला होता. दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या होत्या. आम्ही त्यातली एकच तपासली, कारण दुसरी तपासायला बोनेट उघडावं लागलं असतं.

पट्ट्यावरचा पंखा बंद पडला तर दिवा लागतो. स्वतः ठरवणारा पंखा बंद पडला तर काहीच होत नाही, फक्त एक आवाज यायचा थांबतो. आणि तो थांबला हे कळायला, तो रोज ऐकणारं कुणीतरी लागतं.

आईला ती नोंद दाखवली. तिने वही दिव्याखाली धरून दोनदा वाचली आणि म्हणाली, "लिही खाली." दादालाही फोटो पाठवला. त्याचा बराच वेळ फोन आला नाही, आला तेव्हा गाडी विकण्याचा विषय त्याने काढला नाही.

बाबांच्या ओळीखाली मी तारीख घातली आणि त्यांच्याच पद्धतीने लिहिलं : "नळ स्टॉप. उभी तापली. स्विच बदलला. बाबा, कानही असेल, पण पंखाही होता."